फियाटला चोवीसने भागताना

प्रीमियर पद्मिनी ही जुनी फियाट मोटार हुबेहूब करायची, पण हाताच्या पंजावर मावेल एवढी, आणि तीही तयार किट न आणता. हाताशी फक्त प्लॅस्टिकचा पत्रा, लाकूड, पितळेची तार आणि थोडं रेझिन. मॉडेलवाले या कामाला स्क्रॅचबिल्ट म्हणतात. किटमध्ये मोजमापं कुणीतरी आधीच घेतलेली असतात, भाग पाडलेले असतात, आपण फक्त जोडतो. इथे मोजण्यापासून सगळं आपल्याकडे. यात अवघड काय, असं विचारलं तर बहुतेक जण कोरीवकामाकडे बोट दाखवतात. हात बसला की कोरणं जमतं. खरं डोकं लागतं ते दुसरीकडे: खऱ्या गाडीतली कुठली गोष्ट सरळ भागाकार करून लहान होते आणि कुठली होत नाही, हे ओळखायला.

पद्मिनीच निवडली, कारण सांगलीकराला ती परकी नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि त्यांचंच नाव विश्रामबागेत १९४७ पासून चालू असलेल्या आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. तिचा हा नवा अवतार १९५३ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात पुढे आला. त्यातलं ‘११०० डी’ हे रूप १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायला लागलं आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने विकलं गेलं. शतक बदलताना उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यांवरच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावभागातले तळमजलेच्या तळमजले पाण्यात होते. अशा गढूळ पाण्यात दिवसच्या दिवस बुडून राहिलेली जुनी गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून आज जो कुणी एखादी शाबूत पद्मिनी नीट मोजून ठेवेल, तो मॉडेल तर करेलच, शिवाय त्या गाडीची नोंदही राखेल. मला हे काम मोलाचं वाटतं ते त्यासाठी.

आधी एकच गाडी धरायची. ‘पद्मिनी’ असं मोघम मॉडेल होत नाही. साडेतीन दशकांत पुढची जाळी, बंपर, दिवे, डॅशबोर्ड, सीटं असं पुष्कळ काही बदललं. एकीची जाळी, दुसरीचे दिवे आणि तिसरीचा बंपर घेतला तर कधीच अस्तित्वात नसलेली गाडी तयार होते आणि जाणकाराला ते पहिल्या नजरेत कळतं. तेव्हा ठरावीक मालकाची, ठरावीक काळातली गाडी घ्या. ‘काका, दोन-तीन तास गाडी मोजू का?’ असं अदबीने विचारलं तर सांगली-मिरजेत सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि कुठला भाग कधी बदलला ते सांगतात. ते लिहून घ्या. नंबरप्लेटही काळाला धरून हवी. सांगलीच्या गाड्यांची एमएच-१० ही पद्धत १९८९ नंतरची, तेव्हा सत्तरच्या दशकातली गाडी नवी म्हणून दाखवताना ती पाटी चालणार नाही.

आता प्रमाण. १:२४ म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या गाडीवर चोवीस. हा आकडा फूट-इंचाच्या जमान्यातून आला: एका फुटाला अर्धा इंच. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर, ते मॉडेलवर ९७.५ होतं. सुमारे ३.९ मीटर लांबीची गाडी सोळा सेंटिमीटरच्या आसपास बसते. एवढ्या आकारात दार उघडतं ठेवता येतं, इंजिनाच्या वायरी दाखवता येतात, आणि काम टेबलावर मावतं. १:४३ मध्ये तपशील हरवतो. १:१८ ला बॉडी मोठी होते आणि प्रत्येक चूकही मोठी दिसते. पहिल्या कामाला १:२४ हेच मी सुचवेन.

मोजमाप घ्यायला टेप, व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं हत्यार), ओळंबा, खडू आणि जाड पुठ्ठा एवढं पुरतं. गाडी सपाट फरशीवर उभी करा, चारही चाकांत हवा सारखी भरा. त्यानंतरचा नियम यंत्रशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात तोच: सगळी मापं एकाच ठिकाणापासून घ्यायची. समजा, पुढच्या चाकाच्या मध्यापासून. बंपरपासून दिव्यापर्यंत, दिव्यापासून दारापर्यंत, दारापासून पुढे, अशी साखळी धरली तर प्रत्येक मापातली दोन-तीन मिलिमीटरची चूक पुढच्यात मिसळत जाते आणि शेवटी डिकी कुठेतरी भलतीकडेच निघते. एका बिंदूपासून मोजलं की प्रत्येक चूक आपापल्या जागी राहते. आणि एक दिलासा आहे. खऱ्या गाडीवर पाच मिलिमीटर चुकलात तर मॉडेलवर ती चूक ०.२ मिलिमीटर होते. बॉडीसाठी साधी टेप चालते ती यामुळेच. व्हर्निअर काढायचा तो दिव्याच्या रिंगा, दाराची मूठ, वायपरची दांडी अशा बारीक गोष्टींना.

ओळंब्याचं काम टेपला येत नाही. पद्मिनीची बाजू भिंतीसारखी सरळ नाही. दाराचा मधला भाग बाहेर, काच आत झुकलेली, छताची कड आणखी आत, आणि खाली पायरीजवळ बॉडी पुन्हा आत वळलेली. छताच्या कडेवरून ओळंबा सोडा, जमिनीवर टेकतो तिथे खडूने खूण करा. दाराच्या सर्वांत फुगीर जागेवरून तसंच. अशा खुणा गाडीभोवती करत गेलात की गाडी हलवल्यावर फरशीवर तिचा वरून दिसणारा आराखडा उमटलेला असतो, तोही पुऱ्या आकाराचा. तो मोजून कागदावर आणायचा.

वळणांसाठी पुठ्ठा. बॉनेटवर पुठ्ठा गाडीच्या रुंदीच्या दिशेने, कडेवर उभा धरायचा, जिथे टेकतो तिथे कापायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा कापायचा, फट दिसेनाशी होईपर्यंत. जाड सोल्डरची तार दाबून वळण उचलता येतं, पण आधी रंगावर मास्किंग टेप लावा, मालकाच्या गाडीला ओरखडा यायला नको. दर वीस सेंटिमीटरवर असा एक छेद, म्हणजे त्या जागच्या वळणाचा आकार, घेतला तर मॉडेलवर तो साधारण आठ मिलिमीटरवर येतो. दिव्यांच्या भोवती आणि मागच्या छोट्या शेपटांपाशी मात्र छेद जवळजवळ घ्या, कारण आकार तिथे झपाट्याने बदलतो आणि पद्मिनीचा चेहरामोहरा तिथेच ठरतो.

फोटो भरपूर काढा, पण फोटोवरून मापं उचलण्याआधी एक हिशेब समजून घ्या. समजा, छताची कड दारापेक्षा २० सेंटिमीटर आत आहे. दारापासून ३ मीटरवर उभं राहून फोटो काढला, तर ती कड दाराच्या मानाने सुमारे सहा टक्के लहान दिसते. सव्वा मीटरच्या छतावर हे सात-आठ सेंटिमीटर झाले, म्हणजे मॉडेलवर तीन मिलिमीटर. छत आखूड, गाडी चेपल्यासारखी. पुष्कळ मॉडेलं ‘कुठेतरी चुकल्यासारखी’ वाटतात, त्याचं मूळ बऱ्याचदा या एका फोटोत असतं. तोच फोटो १५ मीटरवरून, झूम करून काढला तर फरक सव्वा टक्क्याच्या आसपास उरतो. म्हणून गाडी मोकळ्या मैदानावर न्या, दूर उभे राहा, कॅमेरा गाडीच्या निम्म्या उंचीवर धरा आणि दाराला टेकवून एक मीटरची पट्टी उभी करा. हल्ली मोबाइलवर शेकडो फोटोंतून त्रिमितीय आकृती काढणारी ॲप आहेत. ती उपयोगी आहेत, मात्र चकचकीत रंग आणि काचा यांवर ती गोंधळतात, तेव्हा पुठ्ठा आणि ओळंबा सोडू नका.

इथवर सगळं चोवीसने भागून निघतं. आता जे निघत नाही ते.

पहिली जाडी. गाडीचा पत्रा जेमतेम ०.९ मिलिमीटर. चोवीसने भागला तर ०.०४ मिलिमीटरही राहत नाही. एवढ्या पातळ प्लॅस्टिकची बॉडी हातात धरताच चिरडेल. व्यवहारात आपण एक मिलिमीटरचा पत्रा घेतो आणि तो खऱ्या मापात २४ मिलिमीटर जाड ठरतो. चाकाच्या कमानीपाशी किंवा उघड्या दाराच्या कडेला ही जाडी दिसली की भ्रम तिथल्या तिथे तुटतो. उपाय असा की जाडी आत राहू द्यायची आणि दिसणारी कडच आतल्या बाजूने तिरपी घासून पात्यासारखी पातळ करायची. डोळा कड बघतो, मागची जाडी बघत नाही.

दुसरी फट. दार आणि बॉडी यांच्यातली ४ मिलिमीटरची फट भागून ०.१७ होते. त्यावर प्रायमर, रंग, वरचं लॅकर असे थर बसले की एकूण जाडी सहज ०.१ मिलिमीटरला पोचते आणि ती फटीच्या दोन्ही भिंतींवर बसते. फट भरून जाते. म्हणून कोरतानाच ती ०.३ च्या जवळ ठेवायची आणि रंग पातळ पातळ थरांत मारायचा. इथे हिशेबातला आकडा सोडून रंग सुकल्यावर उरेल तो आकडा धरावा लागतो.

रंगाचंही तसंच. खऱ्या गाडीच्या रंगाचा डबा उघडून तोच मॉडेलवर मारला तर तो गडद वाटतो. उन्हात उभ्या मोठ्या गाडीवर जितका प्रकाश खेळतो तितका सोळा सेंटिमीटरवर खेळत नाही. थोडा पांढरा मिसळून रंग किंचित उजळ करावा, असं बरेच जण मानतात. काही जण मानत नाहीत. मी उजळ करण्याच्या बाजूचा आहे, पण अगदी थोडा, आणि आधी त्याच आकाराच्या तुकड्यावर मारून दिवसाच्या उजेडात बघून. धातूची चमक असलेला रंग पहिल्या कामाला नकोच. त्यातले कण लहान होत नाहीत आणि मॉडेलवर चमकीसारखे दिसतात.

वजन तर चोवीसने भागतच नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोवीसपट कमी झाल्या की आकारमान १३,८२४ पट कमी होतं. साधारण ९०० किलोची गाडी तंतोतंत त्याच साहित्यात लहान केली तर ६५ ग्रॅम भरेल. आता खरी गाडी आपल्या भाराने टायर दाबते आणि टायर जमिनीशी थोडा सपाट होतो. ६५ ग्रॅमला टायर दबणार नाही. गोल टायरवर ठेवलेलं मॉडेल त्यामुळे अधांतरी, खेळण्यासारखं दिसतं. मग प्रत्येक टायर तळाशी ०.३ मिलिमीटर घासा. सुमारे साडेपाच मिलिमीटर लांब सपाट जागा तयार होते, खऱ्या मापात १३ सेंटिमीटर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग जवळपास जेवढा असतो तेवढीच. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि मॉडेलला यामुळे वजन येतं.

बॉडी करायच्या वाटा तीन-चार आहेत. मी त्यातल्या एकीवर थांबतो, कारण तिच्यासाठी लागणारी विद्या आपल्या जिल्ह्यात मुरलेली आहे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. तिथे आणि पुढे मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम होत आलं. ओतकामाला आधी लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवायचा नमुना, लागतो. लोखंड थिजून गार होताना सुमारे एक टक्का आक्रसतं, म्हणून पॅटर्नवाले मूळ मापापेक्षा पॅटर्न तेवढा मोठा करतात आणि त्यासाठी त्यांची पट्टीच मुळात वाढीव आखणीची असते. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना किंचित उतार ठेवतात. आत वळलेला भाग असेल तर पॅटर्न दोन-तीन तुकड्यांत करतात.

मॉडेलच्या बॉडीला हीच विद्या लागते, पण मापाची बाजू उलटी. शिवणीच्या लाकडाचा ठोकळा घ्या. शिवण मऊ, सरळ धाग्याची आणि फारशी न वाकणारी. पुठ्ठ्यावरून उचललेले छेद चोवीसने भागून पातळ पत्र्यात कापा आणि ते टेकवून बघत ठोकळा कोरा. मग हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनचा पत्रा, ज्याला प्लॅस्टिकवाले हिप्स शीट म्हणतात, चौकटीत धरून शंभर अंशांच्या वर तापवा. तो लोंबायला लागला की ठोकळ्यावर दाबायचा आणि खालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढायची. पत्रा ठोकळ्याला चिकटून बसतो. पण तो बाहेरून बसतो! एक मिलिमीटरचा पत्रा दोन्ही बाजूंनी आला म्हणजे बॉडी दोन मिलिमीटर रुंद झाली, खऱ्या मापात जवळजवळ पाच सेंटिमीटर. म्हणून पॅटर्नवाला वाढवतो तिथे आपण पत्र्याच्या जाडीएवढा ठोकळा कमी करायचा. त्यात पत्रा सगळीकडे सारखा राहत नाही, बाजूंना ओढला जाताना पातळ होतो. किती होतो ते अंदाजाने धरू नका. त्याच उंचीचा साधा ठोकळा करून एकदा ओढा, मधोमध कापा आणि छताची व बाजूची जाडी व्हर्निअरने मोजा. आणि पायरीजवळ आत वळलेली बॉडी अखंड ठोकळ्यावरून सुटणार नाही, तिथे ठोकळा खालून वेगळा निघणारा करा.

बाहेर पडलेलं टरफल ही फक्त सुरुवात असते. खिडक्या कापायच्या, आतून पट्ट्या चिकटवून ते ताठ करायचं, खोलगट जागी गॅरेजवाले वापरतात ती लांबी (पुट्टी) पातळ भरायची, वॉटर पेपरने घासायचं, प्रायमर मारून पुन्हा घासायचं. फटींच्या रेषा याच टप्प्यावर, पोलादी पट्टीच्या आधाराने, हलक्या हाताने अनेकदा ओढून कोरायच्या. एका जोरदार ओढीत केली की रेषा भरकटते. साइनबोर्डचा फोमशीट स्वस्त मिळतो, पण त्याची कड सच्छिद्र असते आणि रंगाखाली ते लपत नाही, म्हणून बॉडीला तो वापरू नका.

त्रिमितीय प्रिंटरचं काय, हा प्रश्न येणारच. चाकं, दिव्यांची घरं, डॅशबोर्ड यांना तो उत्तम. रेझिन प्रिंटर ०.०५ मिलिमीटरचा थर देतो, खऱ्या मापात १.२ मिलिमीटर, आणि तो घासून जातो. मात्र प्रिंटरला द्यायची आकृती शेवटी त्याच मापांवरून काढायची असते. ज्याने ओळंबा धरला नाही, त्याची पद्मिनी प्रिंटरमधूनही चेपलेलीच निघेल.

बारीक भागांसाठी दूर ऑर्डर देण्याआधी गावात फिरा. प्लगच्या वायरी ७ मिलिमीटर जाड, भागून ०.२९. पंपाच्या मोटारी भरणाऱ्या दुकानात वाइंडिंगची ३० गेजची तांब्याची तार मिळते, ती साधारण ०.३ ची असते. विहिरीवरच्या मोटारी भरणारी दुकानं आपल्याकडे वाटेवर सापडतात. पितळेची तार हव्या त्या जाडीची हवी असेल तर सोनाराकडची जंतरपट्टी बघा: लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढली की ती बारीक होते. पितळेचा पत्रा कापायला सोनारी करवतीसारखं दुसरं हत्यार नाही. त्याच पितळेचे बंपर करून प्लेटिंगवाल्याकडून निकेल चढवून घेतला तर ते रुपेरी रंगापेक्षा कितीतरी खरे दिसतात. चौदा इंची रिम मॉडेलवर १४.८ मिलिमीटरची होते. एकच रिम लेथवर मन लावून करा, सिलिकॉनचा साचा काढा आणि त्यातून स्टेपनीसकट पाच रेझिनमध्ये ओता. पाच वेगळ्या केल्या तर पाचही वेगळ्या दिसतील.

पुढच्या जाळीपाशी पुन्हा भागाकार हात टेकतो. ३ मिलिमीटरची पट्टी ०.१२५ होते, तशी ओळीने जुळवणं नवशिक्याला जड जातं. पट्टी थोडी जाड ठेवून सगळ्या बसवल्या तर मधल्या फटी बुजतात आणि जाळीची भिंत होते. मी अशा वेळी पट्टी आणि फट यांचं आपसातलं प्रमाण सांभाळतो आणि गरज पडल्यास दोन पट्ट्या कमी करतो. लांबून पट्ट्या कुणी मोजत नाही, उजेड आणि सावलीची लय मात्र लगेच जाणवते. ज्यांना मोजून तेवढ्याच पट्ट्या हव्यात, त्यांनी जाळीपुरतं रासायनिक कोरीवकामाकडे, म्हणजे रसायनाने पत्रा खाऊन आकार काढण्याकडे, वळावं.

काचांना पारदर्शक पत्रा लागतो. पुढची वळलेली काच ठोकळ्यावरूनच ओढून घ्या. ती बसवताना झटपट चिकटवणारं सायनोॲक्रिलेट वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. फेव्हिकॉलची बारीक रेघ पुरते, सुकल्यावर दिसत नाही.

गाडी मागून किती बसली आहे ते अवश्य पाहा. पद्मिनीला मागे पाटे, म्हणजे एकावर एक पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत आणि चाळीस वर्षांत पाटे बसतात. मोजलेली गाडी मागून दोन-तीन सेंटिमीटर खाली असू शकते. मॉडेलवर तो फरक एक मिलिमीटरच्या आसपास येतो आणि स्पष्ट दिसतो. आज आहे तशी गाडी करायची की कारखान्यातून निघाली तशी, हे आधी ठरवा. माझं मत आज आहे तशी, कारण आपण मोजली ती गाडी तीच आहे. नवी करायची तर पाट्यांची उंची त्या काळच्या फोटोंवरून ठरवा आणि बंपरही त्या मानाने वर घ्या.

बॉडीला रंग लागण्याआधी एक पडताळणी करा. खऱ्या गाडीचा जो फोटो १२ मीटरवरून काढला असेल, तसाच मॉडेलचा ५० सेंटिमीटरवरून काढा: तोच झूम, कॅमेऱ्याची उंचीही चोवीसने भागलेली, पाठीमागे मोकळी जागा. दोन्ही फोटो पडद्यावर एकावर एक ठेवा. आधी चाकांचे मध्य जुळवा, मग छताची रेघ, मग दिव्यांमधलं अंतर. चाकं जुळून छत जुळत नसेल तर चूक ठोकळ्यात आहे आणि लांबी भरून ती लपणार नाही. ठोकळा पुन्हा घासून दुसरं टरफल ओढा. पत्रा स्वस्त आहे, ठोकळा तयार आहे आणि दुसरं ओढायला अर्धा तासही लागत नाही.